गहाळ दस्तऐवज आणि जमिनीचा हक्क : खर्डा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे. मराठेशाहीतील बहुतेक सर्व सरदार एका निशाणाखाली एकत्र येऊन लढल्याचा हा अखेरचा प्रसंग होय. या लढाईविषयी, नाना फडणीसांच्या मुत्सद्देगिरीविषयी आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतित्वाविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. परंतु ज्या शेतांतून ही सैन्ये गेली त्या शेतांवरील रयतेचा हक्क कशाच्या आधारे सिद्ध होत होता, आणि त्या हक्काचा कागद जळाला, लुटला गेला किंवा वाळवीने खाल्ला तर पुढे काय होत असे, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंच्या आवडीचा नाही. ग्रामीण भागातील महाविद्यालयात इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकाला थोडेफार मोडी वाचता येते अशी वार्ता पसरली की विद्यार्थ्यांचे पालक आजोबा-पणजोबांच्या वेळचे कागद फडक्यात बांधून घेऊन येतात. कागदाच्या घड्या तुटलेल्या असतात, कडा झडलेल्या असतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, "सर, यात आमचं नाव आहे का?" या प्रश्नामागे एक समजूत दडलेली आहे. कागदात नाव असेल तर हक्क आहे, नसेल तर नाही, ही ती समजूत होय. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की ही समजूत सनातन नाही. ती महाराष्ट्रात मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुजली. त्यापूर्वी कागद हा हक्काचा पुरावा होता, पण हक्काचे अधिष्ठान गावाच्या सामूहिक साक्षीत होते, आणि म्हणूनच गहाळ कागद नव्याने घडविता येत असे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. नष्ट झालेल्या हक्कपत्राच्या जागी नवे पत्र देण्याची परंपरा शास्त्रग्रंथांत व प्रत्यक्ष व्यवहारात कशी होती याचा शोध घेणे.
२. मराठा काळातील महजराची पद्धती आणि ब्रिटिश काळातील इनाम कमिशनची पद्धती यांतील मूलभूत भेद स्पष्ट करणे.
३. आजच्या अभिलेखव्यवस्थेत या दोन्ही परंपरांचे कोणते अवशेष टिकून आहेत हे पाहणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधने, कायदे आणि पूर्वसूरींचे ग्रंथ यांचा आधार घेतला आहे. खर्डा हे या विवेचनाचे केंद्र आहे. मात्र दस्तऐवजांची व्यवस्था ही एका गावापुरती नसल्याने आवश्यक तेथे महाराष्ट्राचा व्यापक संदर्भ घेतला आहे.

नष्ट लेख्याचा प्राचीन विचार

कागद हरवतो, ही अडचण कागदाइतकीच जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख्यप्रकरण आहे. मूळ लेख्य परदेशी राहिले असेल, अक्षर लागत नसेल, ते नाहीसे झाले, पुसले गेले, चोरीस गेले, फाटले, जळाले किंवा तुटले असेल तर दुसरे लेख्य करवून घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. कल्याणीच्या चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि पुढे महाराष्ट्राच्या बहुतांश भागातील वारसाहक्काचा व्यवहार तिच्या आधाराने चालला. म्हणजे पर्यायी दस्तऐवजाचा विचार या भूमीला परका नव्हता.

ताम्रपटांतही याची उदाहरणे आढळतात. शरभपुरीय राजा नरेंद्र याच्या, छत्तीसगडमधील कुरुद येथे सापडलेल्या ताम्रपटात मूळ दानपत्र ताडपत्रावर होते आणि ते घराला लागलेल्या आगीत जळाले म्हणून दान नव्याने कोरून दिल्याचा उल्लेख आहे. आसामातील भास्करवर्म्याचा निधनपूर ताम्रपटही पूर्वजाने दिलेले मूळ पट जळाल्यामुळे पुन्हा दिला गेला. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कागद नाहीसा झाला म्हणून दान नाहीसे झाले असे राजसत्तेने मानले नाही. उपभोग चालू आहे आणि तो न्याय्य आहे याची खातरी झाल्यावर तिने नवे साधन निर्माण केले.

सत्तांतराच्या वाटेवरील खर्डा

खर्डा परिसराचे भौगोलिक स्थान लक्षात घेतले म्हणजे येथील कागदांचे आयुष्य किती अस्थिर असावे याची कल्पना येते. एका बाजूस नगरचा प्रांत, दुसऱ्या बाजूस बीड आणि परांडा-भूमचा मुलूख अशा सीमेवर हे गाव आहे. बहमनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम, पेशवे आणि इंग्रज अशा सत्ता या टापूने पाहिल्या. निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकर घराण्याचे हे ठाणे. गावातील त्यांचा वाडा आणि अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेला भुईकोट त्या काळाची साक्ष देतात. मार्च १७९५ मध्ये पराभूत झालेल्या निजाम अलीने याच लहानशा किल्ल्याचा आश्रय घेतला होता.

प्रत्येक सत्तांतरानंतर वतनदारास आणि इनामदारास नव्या धन्याकडून जुन्या सनदेस मान्यता मिळवावी लागे. शिक्का बदलला की पत्राचे बळ क्षीण होई. याखेरीज दुष्काळ होताच. दुर्गादेवीच्या दुष्काळानंतर ओस पडलेला मुलूख पुन्हा वसविण्यासाठी बहमनी दरबाराने १४२९ च्या सुमारास दादो नरसो काळे आणि एक तुर्की अधिकारी यांची नेमणूक केल्याची हकीकत ग्रँट डफने दिली आहे. जुन्या शिवांची माहिती सांगणारेच कोणी न उरल्याने दोन-तीन गावे मिळून एक करावी लागली. जमीन जो कसेल त्यास दिली, पहिल्या वर्षी सारा घेतला नाही आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यास तोबराभर धान्य घेतले. ही हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. येथे केवळ कागद गेला नव्हता, तर कागदाची आठवण ठेवणारी माणसेही गेली होती. त्यामुळे जुना हक्क परत उभा करणे शक्य झाले नाही आणि हक्काची नव्याने सुरुवात करावी लागली. स्मरण करणारा समाज शिल्लक असणे, हीच हक्काच्या पुनर्स्थापनेची पहिली अट होती.

महजर : गावाच्या साक्षीने घडलेला कागद

मराठा काळात हक्काचा कागद गहाळ झालेला वतनदार किंवा मिरासदार प्रथम सरकारात अर्ज करी. आपले पूर्वज कोण, वतन कसे मिळाले, भोगवटा कसा चालला आणि मूळ पत्रे कशी गेली याचा करीना तो सादर करी. आगीत जळाली, लुटीत गेली, परागंदा व्हावे लागले तेव्हा मागे राहिली, भाऊबंदांनी दडविली अशी कारणे या प्रकारच्या कागदांत वारंवार येतात. मोगलांच्या स्वाऱ्यांच्या काळात गावेच्या गावे उठली होती, त्यामुळे पुढील पिढ्यांच्या करिन्यांत त्या धामधुमीचा हवाला सहज मिळतो. अर्थात हरवल्याचे निमित्त करून नसलेला हक्क उभा करण्याचे प्रयत्नही होत. म्हणून केवळ अर्जावर नवे पत्र मिळत नसे.

सरकारच्या आज्ञेने गोतसभा भरे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बारा बलुतेदार आणि शेजारच्या गावांचे पाटील-कुलकर्णी चावडीत किंवा देवळात एकत्र येत. वादी-प्रतिवादी असल्यास दोघांकडून सभेचा निर्णय मान्य करण्याविषयी राजीनामा आणि जामीन घेतला जाई. प्रत्येकाची तक्रीर लिहून घेतली जाई. लेख, भोगवटा आणि साक्षी ही प्रमाणे क्रमाने तपासली जात. या तिन्हींनी निर्णय होत नसेल तरच दिव्याचा अवलंब होई. शेवटी सभेत हजर असलेल्यांची नावे, हुद्दे आणि निशाण्या यांसह महजर तयार होई. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या व्यवसायाच्या हत्याराची निशाणी करीत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले आहे. वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांतूनही तिची असंख्य उदाहरणे अभ्यासकांसमोर आली आहेत.

यातील दोन बाबी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली बाब अशी की महजर हा नष्ट कागदाची नक्कल नसे. मूळ सनदेतील शब्द काय होते हे सभा सांगू शकत नसे आणि सांगण्याचा आवही आणीत नसे. हे शेत अमुक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे हे आम्ही जाणतो, एवढेच ती सांगे. म्हणजे हरवलेल्या वस्तूची प्रतिकृती न करता, ती वस्तू ज्याचा पुरावा होती त्या संबंधालाच पुन्हा शब्दरूप दिले जाई. दुसरी बाब जतनाची आहे. त्या काळच्या सनदांच्या अखेरीस येणारा मजकूर पाहिला तर स्थानिक अधिकाऱ्यांना असे बजावलेले असते की दरवर्षी नव्या पत्राची मागणी करू नये, या पत्राची प्रत लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याकडे परत द्यावे. त्यामुळे एकाच हक्काची नोंद धन्याच्या घरी, कुलकर्ण्याच्या दप्तरात, देशपांड्याच्या दप्तरात आणि हुजूर दप्तरात अशी अनेक ठिकाणी असे. एका ठिकाणी आग लागली तरी सर्व आधार एकदम जात नसे.

याच संदर्भात खर्ड्याच्या तहाचा विचार करणे उद्बोधक ठरेल. १७९५ च्या तहान्वये निजामाने दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतच्या सरहद्दीवरील मुलूख आणि थकबाकी व युद्धखर्चापोटी तीन कोटी रुपये देण्याचे मान्य केले, तसेच आपला दिवाण मुशीरुल्मुल्क यास मराठ्यांच्या स्वाधीन केले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला, पुण्यात वारसाचे राजकारण पेटले आणि नाना फडणीसांना निजामाचे साहाय्य घ्यावे लागले. त्यापोटी ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या तहाने खर्ड्याच्या बहुतेक अटी सोडून देण्यात आल्या. दोन राज्यांच्या मोहोरांचा दस्तऐवज सुस्थितीत असूनही त्यातील हक्क दीड वर्षात लयास गेला. उलट, आपली सनद गमावलेला एखादा मिरासदार गोताच्या साक्षीवर पिढ्यान्‌पिढ्या शेत कसत राहू शके. कागदाचे बळ कागदात नसून त्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसांत होते, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

इनाम कमिशन : साक्षीकडून दप्तराकडे

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला. पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. १८२२ मध्ये निजामाशी झालेल्या तहाने सरहद्दीवरील काही मुलखाची अदलाबदलही झाली. एल्फिन्स्टनने प्रारंभी जुने हक्क शक्य तितके चालू ठेवण्याचे धोरण स्वीकारले. मात्र महसुलाची गरज वाढली तशी करमुक्त जमिनींकडे सरकारची दृष्टी वळली. १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलखात चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला दख्खन, खानदेश व दक्षिण मराठा मुलखात कायदेशीर अधिष्ठान मिळाले. नगर जिल्हा या कक्षेत आला.

कमिशनच्या कार्यपद्धतीत तीन बदल मूलगामी होते. पहिला बदल सिद्धतेच्या भाराचा. जमीन करमुक्त असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी इनामदारावर टाकण्यात आली. दुसरा बदल मुदतीचा. ब्रिटिश अंमल सुरू होण्यापूर्वी साठ वर्षांचा अखंड भोगवटा आणि मूळ इनामदाराच्या पुरुषवंशातील नातवाकडे किंवा त्याच्या वंशजाकडे ताबा, अशा मोजमापांनी वंशपरंपरागत हक्क ठरू लागला. गावाची आठवण वर्षे मोजत नाही, पिढ्या मोजते. या दोन गणितांत मेळ बसणे कठीण होते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा बदल पडताळणीचा. इनामदाराने आणलेला कागद पुण्याच्या दप्तरातील नोंदींशी ताडून पाहिला जाई. गावच्या साक्षीचे महत्त्व त्यामुळे गौण झाले.

या पडताळणीत बनावट सनदा उघडकीस आल्या हे नाकारता येणार नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांसारखा विचारवंत या खात्यात साहाय्यक इनाम कमिशनर होता, यावरून हे काम केवळ लुटीचे होते असे म्हणणे एकांगी ठरेल. तथापि ज्या दप्तराला कसोटी मानले गेले, तेच निर्दोष नव्हते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत पेशवे दप्तराची आबाळ झाली होती. अपूर्ण दप्तरात नोंद सापडत नाही म्हणून हक्क नाही, हे अनुमान तर्कदृष्ट्याही सदोष होते. महजराच्या पद्धतीत कागद नसल्यास साक्ष विचारली जाई. आता साक्ष असली तरी कागद विचारला जाऊ लागला.

१८५७ च्या उठावानंतर सरकारने ही चौकशी आवरती घेतली. १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने सरसकट तडजोडीचा मार्ग काढण्यात आला. सरकारी आकाराचा काही भाग नियमाने देण्याचे कबूल करणाऱ्या इनामदारास पुढील चौकशीशिवाय कायम सनद मिळू लागली. सूक्ष्मपणे पाहता ही गहाळ कागदांची सामुदायिक भरपाईच होती. मात्र तिची किंमत आता सरकारी तिजोरीत भरावयाची होती.

जाळलेले कागद, लिहिलेले कागद

कागदाला सर्वाधिकार मिळाल्यावर तो ज्याच्या हाती त्याचे राज्य सुरू झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांचे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि जामखेडच्या लगतच्या कर्जत तालुक्यापर्यंत पोहोचले. रयतेचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर, रोख्यांवर व वह्यांवर होता. सावकाराच्या जिवापेक्षा त्याचे दप्तर जाळण्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष होते. न्यायालयात कागदच बोलतो आणि निरक्षर कुणब्याचे कोणी ऐकत नाही, हे त्याने अनुभवाने ओळखले होते. ज्या समाजात पूर्वी जळालेला कागद पुन्हा लिहून मिळावा म्हणून लोक चावडीवर जमत, त्याच समाजात आता लिहिलेला कागद जळावा म्हणून लोक जमले. दस्तऐवजाच्या इतिहासातील हे स्थित्यंतर विलक्षण बोलके आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला. या कायद्यात ग्रामनिबंधकाची तरतूद होती. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकासमक्ष लिहिला जावा, त्याला वाचून दाखविला जावा आणि त्याची नोंद ठेवली जावी असा तिचा आशय होता. जुन्या गोतसभेतील उघडपणाचा अंश येथे शासकीय रूपात परत आला असे म्हणता येईल. दरम्यान १८६४ पासून दस्तनोंदणीचे कायदे आले, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने मूळ दस्त नष्ट झाल्यास दुय्यम पुरावा ग्राह्य धरला आणि १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीस आरंभ झाला. आज घरोघरी परिचित असलेला सातबारा याच परंपरेतून विकसित झाला.

वर्तमान व्यवस्थेतील जुने अवशेष

आज एखाद्याचे खरेदीखत हरवल्यास पोलीस ठाण्यात नोंद, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोनच्या आधारे मिळणारी प्रमाणित नक्कल असा क्रम असतो. सातबारा फाटल्याने कोणाचेही काही बिघडत नाही, कारण तो मुळातच सरकारी अभिलेखाचा उतारा आहे. जुना फेरफार, टिपण, आकारबंद, फाळणी बारा इत्यादी अभिलेख तहसील किंवा भूमि अभिलेख कार्यालयातून मिळविता येतात.

या प्रक्रियेत जाहीर नोटिशीचे स्थान विचार करण्याजोगे आहे. या मिळकतीबाबत कोणाची हरकत असल्यास ती ठरावीक मुदतीत कळवावी, असे आवाहन करणारा तो मजकूर म्हणजे गोतसभेचे क्षीण झालेले रूपच होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे फेरफाराची नोंद चावडीत लावावी लागते आणि हितसंबंधितांना सूचना द्यावी लागते. 'चावडी' हा शब्द कायद्यात टिकून राहिला. तेथे जमून साक्ष देणारे गोत मात्र पांगले. आठ-पंधरा दिवसांच्या मुदतीत मुंबई-पुण्यास रोजगारासाठी गेलेला भाऊ किंवा सासरी असलेली बहीण ती नोटीस वाचू शकत नाही आणि हरकत आली नाही म्हणून नोंद प्रमाणित होते. पूर्वी मौनाला साक्ष मानत नसत, आता मौन हीच संमती ठरते.

आणखी एक विसंगती आहे. संहितेनुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु फेरफाराच्या नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. गावठाणातील घरांची स्थिती तर याहून नाजूक होती. बहुतेक खेड्यांतील घरमालकाकडे ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे काही नसे आणि तो उतारा कर-आकारणीचा असतो. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथील प्रयोगानंतर महाराष्ट्रात ड्रोनद्वारे गावठाण मोजणी सुरू झाली आणि २४ एप्रिल २०२० रोजी घोषित झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेने तिला देशव्यापी रूप मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या केवळ भोगवट्यावर चाललेल्या घरांना त्यातून मिळकत पत्रिका मिळू लागल्या. घराची हद्द ठरविताना शेजारी आणि ग्रामस्थ यांना उभे करून चुन्याने रेषा आखली जाते, तेव्हा महजराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

एकवटलेले दप्तरही सुरक्षित असतेच असे नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य नस्ती भस्मसात झाल्या आणि अन्य कार्यालयांतील प्रतींवरून त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आयर्लंडमध्ये १९२२ च्या यादवीत डब्लिनचे अभिलेखागार जळाले. शंभर वर्षांनंतर इतर देशांतील व संस्थांतील नकलांच्या आधारे त्याची संगणकीय पुनर्रचना करण्यात आली. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडल्या त्या विखुरलेल्या प्रती. अस्सल धन्याकडे आणि प्रती अनेक दप्तरांत, हे जुने शहाणपण संगणकाच्या युगातही कालबाह्य झालेले नाही.

साक्षीच्या मर्यादा

येथपर्यंतच्या विवेचनावरून गोतसभेचे उदात्तीकरण करण्याचा हेतू आहे असे कोणी समजू नये. गोताची आठवण निःपक्षपाती नव्हती. ज्यांचे वतन होते त्यांचीच आठवण तेथे लिहिली जाई. उपरी कुळाचा भोगवटा मिरासदाराच्या भोगवट्याइतका कधीच वजनदार ठरला नाही. महारांची साक्ष शिवेच्या तंट्यात निर्णायक मानली जाई, परंतु शीव ओळखणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा जमिनीवरील हक्क सेवेच्या बेडीत अडकलेला होता. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, ही परंपरा महाराष्ट्रभर सांगितली जाते. दस्तऐवज हाती नसतानाही एका समाजाने शतकानुशतके आपल्या हक्कपत्राचे स्मरण मुखोद्गत ठेवले, याचे हे उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून या प्रश्नाला वाचा फोडली. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि ठरावीक रक्कम भरून त्या जमिनींच्या पुनर्प्रदानाची तरतूद झाली. रक्कम, मुदत आणि कागद या तिन्हींची जुळणी ज्यांना करता आली नाही, त्यांची कसण चालू असूनही हक्क अनिश्चित राहिला.

स्त्रियांच्या बाबतीत तर प्रश्न कागद हरवण्याचा नाहीच, कारण त्यांचे नाव कागदावर आलेच नव्हते. इनाम कमिशनच्या नियमांतील पुरुषवंशाची अट वर आलीच आहे. शेतकरी संघटनेने चालविलेली लक्ष्मीमुक्तीची मोहीम आणि २००५ ची हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती यांमुळे सातबाऱ्यावर स्त्रियांची नावे येऊ लागली. तथापि हक्कसोड पत्राच्या रूपाने ती पुन्हा कमी होतानाही दिसतात. म्हणून हरवलेला दस्तऐवज आणि कधीच न लिहिला गेलेला दस्तऐवज यांत अभ्यासकाने भेद केला पाहिजे. पहिल्याची नक्कल मिळते, दुसऱ्यासाठी न्याय मागावा लागतो.

निष्कर्ष

१. नष्ट झालेल्या हक्कपत्राऐवजी नवे पत्र देण्याची परंपरा स्मृतिग्रंथांपासून मराठा काळापर्यंत अखंड दिसते. तिचा पाया भोगवटा आणि समाजाची साक्ष हा होता.
२. इनाम कमिशनने कागदाला पुराव्याच्या स्थानावरून हक्काच्या स्थानी बसविले. त्यामुळे कागद हरवणे म्हणजे हक्क हरवणे ही समजूत रूढ झाली. १८७५ चे दंगे हा त्या समजुतीचाच दुसरा परिणाम होय.
३. वर्तमान व्यवस्थेत नकला मिळणे सुलभ झाले आहे. परंतु नोटीस व हरकत या रूपाने उरलेली सामाजिक साक्ष औपचारिक बनली आहे. ती अर्थपूर्ण होण्यासाठी ग्रामसभेत फेरफारांचे जाहीर वाचन नियमितपणे झाले पाहिजे.
४. जुने मोडी व उर्दू कागद वाचणारी माणसे कमी होत आहेत. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी शोधताना मोडी व उर्दू वाचकांची निकड सर्वांनाच जाणवली. सीमेवरील खर्ड्यासारख्या गावांच्या परिसरातील महाविद्यालयांनी मोडी वर्ग चालविणे आणि घरोघरच्या कागदांची छायाचित्रे घेऊन मूळ कागद धन्याकडे परत देणे, हे काम आपल्या आवाक्यातील आहे. प्रत दप्तरी ठेवून अस्सल परत करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

खर्ड्याचा भुईकोट आज पर्यटकांना लढाईची गोष्ट सांगतो. त्याच्या तटाबाहेरील शेतांची गोष्ट मात्र अद्याप फडक्यात बांधलेल्या कागदांत आणि वृद्धांच्या आठवणीत आहे. "यात आमचं नाव आहे का?" असे विचारणाऱ्या पालकाला कागद वाचून दाखविणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहेच. पण नाव नसेल तेव्हा "तुमचं शेत कोणी कोणी कसलं, ते सांगा" असे विचारून ते लिहून घेणे, हेही इतिहासाचेच काम आहे.